देगलूरच्या आकाशातली न दिसणारी ग्रहणे

हैदराबादच्या बलून केंद्रातून उड्डाणांचा हंगाम सुरू होणार असला की वर्तमानपत्रांत एक सूचना छापून येते. पातळ पॉलिथिनचे, ५० ते ८५ मीटर व्यासाचे, हायड्रोजन भरलेले बलून रात्री आठ ते सकाळी साडेसहाच्या दरम्यान सोडले जातील. ते ३० ते ४२ किलोमीटर उंची गाठतील. काम संपले की उपकरणांची पेटी मोठ्या रंगीत हवाई छत्रीला लटकून खाली येईल आणि वारा नेईल तिथे उतरेल. पुढे जिल्ह्यांची यादी असते. त्यात नांदेड आहे, लातूर आहे. पेटी सापडली तर उघडू नका, हलवू नका, आत उच्च दाबाची वीज असू शकते, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा डाकघरात कळवा, योग्य बक्षीस मिळेल, असेही त्यात बजावलेले असते.

देगलूर हे हैदराबाद-नांदेड रस्त्यावरचे, तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेला टेकलेले तालुक्याचे गाव. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यातच होता आणि बाजारहाट, दवाखाना, नातीगोती यांच्या निमित्ताने हैदराबादशी ये-जा आजही चालू आहे. त्या शहराशी या भागाचे आणखी एक नाते आहे, ते मात्र फारसे कुणी सांगत नाही. भारतातल्या क्ष-किरण खगोलशास्त्राची सुरुवात हैदराबादहून उडालेल्या अशाच बलूनांनी झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बी. व्ही. श्रीकंठन यांनी हे काम उभे केले आणि १९६८ साली क्ष-किरण शोधणारे उपकरण हैदराबादहून बलूनबरोबर वर गेले.

बलून कशासाठी? ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. हवेचा थर ते शोषून घेतो, आणि म्हणूनच आपण जिवंत आहोत. चाळीस किलोमीटरवर हवा इतकी विरळ होते की जास्त ऊर्जेचे, म्हणजे साधारण वीस किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे क्ष-किरण तिथे हाती लागतात. त्याहून कमी ऊर्जेच्या किरणांसाठी वातावरणाबाहेरच जावे लागते. रिकार्दो जिआकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून १९६२ मध्ये अग्निबाणातून उपकरण पाठवले आणि वृश्चिक राशीत क्ष-किरणांचा एक प्रखर उगम सापडला. सूर्यमालेबाहेरचा हा पहिला क्ष-किरण तारा. या कामासाठी जिआकोनींना २००२ साली नोबेल मिळाले.

क्ष-किरणांनी एवढे झगमगणारे हे काय आहे, याचे उत्तर द्यायला आणखी दहा वर्षे लागली, आणि ते उत्तर दिले ग्रहणाने.

१२ डिसेंबर १९७० रोजी, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, त्या देशाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या तळावरून उहुरू हा उपग्रह सुटला. केवळ क्ष-किरणांसाठी सोडलेला हा पहिला उपग्रह. नरतुरंग तारकासमूहातल्या सेंटॉरस एक्स-३ या उगमाकडे त्याने पाहिले, तेव्हा दर ४.८४ सेकंदांनी क्ष-किरणांचा एक ठोका येताना दिसला. पुढच्या निरीक्षणांत दोन विलक्षण गोष्टी दिसल्या. ठोक्यांमधले अंतर किंचित वाढत होते, किंचित घटत होते, आणि हे चक्र २.०९ दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होते. शिवाय दर २.०९ दिवसांनीच हा उगम सुमारे अर्धा दिवस पार दिसेनासा होत होता. ठोके देणारी वस्तू कुणाभोवती तरी फिरते आहे, आपल्याकडे येताना ठोके जवळजवळ पडतात, दूर जाताना विरळ होतात, आणि दर फेरीत ती जोडीदाराच्या मागे दडते. दोन्ही पुरावे एकाच वेळापत्रकाने चालत होते. १९७२ साली हे प्रसिद्ध झाले आणि प्रश्न निकालात निघाला.

ठोके देणारी ती वस्तू म्हणजे न्यूट्रॉन तारा. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान, आणि व्यास वीस-पंचवीस किलोमीटर. शेजारी सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा अवाढव्य निळा तारा. त्याच्या अंगावरचा वायू न्यूट्रॉन तारा ओढून घेतो. तो वायू सरळ पडत नाही. गरगरत चकती बनवतो, तिच्या आतल्या कडेला पोचतो आणि चुंबकीय ध्रुवांवर कोसळताना कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो. पडणाऱ्या वायूच्या वस्तुमानापैकी दहा टक्के, कधी त्याहून अधिक भाग ऊर्जा बनून बाहेर पडतो. सूर्याच्या पोटात हायड्रोजन जळतो तेव्हा हा वाटा एका टक्क्याहूनही कमी असतो. निसर्गात ऊर्जा मिळवण्याच्या ज्या रीती माहीत आहेत, त्यांत ही फार वरची आहे.

सेंटॉरस एक्स-३ देगलूरहून दिसतो का? डोळ्यांनी नाही, पण त्याची जागा जरूर दाखवता येते. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकू उगवतो, त्याच्या पश्चिमेला आठेक अंशांवर. देगलूरच्या अक्षांशावरून ही जागा क्षितिजापासून जेमतेम अकरा अंश वर चढते. दिवाळीच्या अमावास्येला मात्र दुसऱ्या प्रसिद्ध जोडीची जागा पाहावी. सायंकाळी सातच्या सुमारास पश्चिमेकडे कललेला तेजस्वी अभिजित ओळखावा आणि तिथून वायव्य क्षितिजाच्या दिशेने खाली उतरावे. तिथे शौरी तारकासमूह आहे आणि त्यात हर्क्युलिस एक्स-१. तो १.२४ सेकंदांनी ठोका देतो, १.७ दिवसांत जोडीदाराला फेरी घालतो आणि दर फेरीत सुमारे सहा तास ग्रहणात असतो. त्याचा जोडीदार तारा दृश्य प्रकाशातही १.७ दिवसांच्या तालावर उजळतो आणि मंदावतो, कारण त्याची एक बाजू शेजाऱ्याच्या क्ष-किरणांनी तापलेली असते. बरी दुर्बीण आणि तिला जोडलेला कॅमेरा असेल तर हा चढउतार महाविद्यालयाच्या गच्चीवरूनही टिपता येईल.

याच हर्क्युलिस एक्स-१ कडे १९७६ साली जर्मनीच्या योआखिम ट्रुम्पर यांच्या गटाने अमेरिकेतल्या टेक्सासमधून उडवलेल्या बलूनमधून पाहिले. क्ष-किरणांच्या वर्णपटात एक खूण सापडली, आणि ती चुंबकीय क्षेत्रात घुमणाऱ्या इलेक्ट्रॉनांची होती. न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र थेट मोजता आले ते इथे पहिल्यांदा, आणि ते निघाले काही लाख कोटी गॉस. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असते. नांदेड-लातूरच्या शिवारांवरून सरकत जाणाऱ्या बलूनांसारख्याच एका बलूनने हा शोध लावला, हे इथल्या शाळांत आवर्जून सांगायला हवे.

ग्रहणाचे खरे मोल मात्र वजन करण्यात आहे.

तारा तराजूत घालता येत नाही. जोडीत असेल तरच त्याचे वस्तुमान कळते. फुगडी घालणाऱ्या दोघींपैकी जड असलेली जागच्या जागी थोडी हलते आणि हलकी लांबवर फेकली जाते, तसेच इथे घडते. दोघांच्या गतींचे प्रमाण मिळाले की वस्तुमानांचे प्रमाण मिळते. अडचण एकच असते. ताऱ्यांची कक्षा आपल्या नजरेला किती तिरपी आहे हे बहुतेक वेळा ठाऊक नसते आणि तेवढ्या एका अज्ञानाने सगळा हिशेब सैल पडतो. ग्रहण लागत असेल तर मात्र कक्षा आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते आहे हे नक्की होते. ग्रहण किती वेळ टिकते यावरून जोडीदाराचा आकारही हाती लागतो. म्हणून ग्रहण लागणारी जोडी सापडली की खगोलशास्त्रज्ञ तिला सोडत नाहीत.

मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे वरुण भालेराव यांचे एक काम यासाठी पाहण्यासारखे आहे. कॅलटेकमध्ये पीएच.डी. करताना त्यांनी मार्टेन व्हान केर्कविक आणि फिओना हॅरिसन यांच्यासह एम-३३ या दीर्घिकेतल्या अशाच एका जोडीचा माग काढला. एम-३३ त्रिकोण तारकासमूहात आहे, आपल्यापासून सुमारे तीस लाख प्रकाशवर्षे दूर. जोडीतले क्ष-किरण १.७३ दिवसांनी ग्रहणात जातात हे आधी सापडले होते. भालेरावांनी हवाईतल्या केक दुर्बिणीने जोडीदार ताऱ्याचा प्रकाश फोडला, वर्णरेषा मागेपुढे किती सरकतात ते मोजले आणि ग्रहणाचा कालावधी त्याला जोडला. २०१२ मध्ये आलेले उत्तर असे: जोडीदार सूर्याच्या सुमारे ११ पट, न्यूट्रॉन तारा २.० पट, अनिश्चितता ०.४. दुसऱ्या दीर्घिकेतला, वाळूच्या कणाएवढाही न दिसणारा न्यूट्रॉन तारा इतक्या नेमकेपणे तोलता येतो, याचे नवल करावे तेवढे थोडे. न्यूट्रॉन तारा जास्तीत जास्त किती जड होऊ शकतो यावरून अणुगर्भातल्या द्रव्याचे गुणधर्म कळतात. असे द्रव्य पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत तयार होत नाही, त्यामुळे प्रत्येक नवे वजन मोलाचे.

त्याच दीर्घिकेत एम-३३ एक्स-७ नावाची आणखी एक जोडी आहे. तीत न्यूट्रॉन ताऱ्याच्या जागी कृष्णविवर आहे आणि तेही दर ३.४५ दिवसांनी ग्रहणात जाते. चंद्रा वेधशाळेची क्ष-किरण निरीक्षणे आणि जमिनीवरच्या दुर्बिणी यांच्या आधारे २००७ साली त्याचे वजन निघाले. सूर्याच्या सुमारे १५.६५ पट. ही वेधशाळा ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी श्वेत बटू म्हणून उरणाऱ्या मृत ताऱ्यांच्या वस्तुमानाला मर्यादा असते हे विशीत असताना दाखवून दिले होते.

वजनानंतर घड्याळ. देगलूर तालुक्यातल्या होट्टलला चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर आहे. त्या काळातल्या शिलालेखांत दान कोणत्या ग्रहणाच्या पर्वकाळी दिले हे बऱ्याचदा कोरलेले असते, आणि ग्रहणांचे गणित मागे नेऊन इतिहासकार त्या लेखांची तारीख पक्की करतात. खगोलशास्त्रज्ञ हेच गणित उलटे चालवतात. ग्रहण ठरल्या क्षणी लागले का, की आधी, की उशिरा? सेंटॉरस एक्स-३ च्या फेरीचा काळ दरवर्षी सुमारे दहा लाखांत १.८ भागांनी घटतो आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतल्या हर्षा रायचूर आणि बिस्वजित पॉल यांनी २०१० मध्ये हे मोजून दिले. २.०९ दिवसांच्या फेरीत हा फरक वर्षाकाठी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा पडतो. तरीही तो साठत जातो, आणि दोघे तारे एकमेकांना भरती-ओहोटीच्या ओढीने जवळ खेचत असल्याचे त्यातून समजते.

लहान जोडीदार असलेल्या जोड्यांत ग्रहण अधिक धारदार असते. १९८५ साली युरोपच्या एक्झोसॅट उपग्रहाला ईएक्सओ ०७४८-६७६ ही जोडी सापडली. फेरी ३.८२ तासांची आणि ग्रहण सुमारे सव्वाआठ मिनिटांचे. क्ष-किरण काही सेकंदांत मालवतात आणि तसेच झटकन परत येतात. २००८ मध्ये जोडीदाराकडून येणारा वायूचा ओघ आटला आणि हा उगम मंद पडला. जून २०२४ मध्ये, सोळा वर्षांनी, तो पुन्हा पेटला. उगम तेजस्वी असतानाच्या वर्षांत जमवलेल्या शेकडो ग्रहणांच्या वेळा पाहिल्या तर फेरीचा काळ मिलिसेकंदांच्या घरात अधूनमधून उडी मारतो, असे दिसते. लहान जोडीदाराच्या चुंबकीय हालचाली याच्या मुळाशी असाव्यात असा अंदाज आहे.

एमएक्सबी १६५९-२९८ ही ७.१ तासांची जोडी त्याहून चमत्कारिक. तिच्या ग्रहणाच्या वेळा सेकंदांनी मागेपुढे होतात, आणि तेही तालावर. २०१७ साली चेतना जैन, बिस्वजित पॉल आणि सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ असा लावला की दोन्ही ताऱ्यांना मिळून फेरी घालणारा एक भारदस्त ग्रह तिथे असावा. अंदाज पक्का व्हायला पुढची उद्रेकपर्वे पाहावी लागतील. हा उगम अनेक वर्षांच्या अंतराने थोड्या काळासाठीच जागा होतो.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह सुटला. दीड टन वजन, ६५० किलोमीटर उंची, विषुववृत्ताशी सहा अंश कललेली कक्षा. त्यावरच्या लॅक्सपीसी या उपकरणाचे आणि क्ष-किरण एकवटणाऱ्या एसएक्सटी दुर्बिणीचे काम टाटा संस्थेत झाले. लॅक्सपीसीमागे पी. सी. अग्रवाल यांची अनेक वर्षांची मेहनत आहे. झेनॉन वायू भरलेल्या पेट्यांत शिरणाऱ्या प्रत्येक क्ष-किरण कणाची वेळ सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत नोंदली जाते. ॲस्ट्रोसॅट वापरणाऱ्यांना मदत करणारा कक्ष पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आहे.

उपग्रहाकडून येते ती कणांची यादी: अमुक क्षणी, अमुक ऊर्जेचा एक कण. चित्र वगैरे काही नाही. ही यादी ठरावीक सेकंदांच्या कप्प्यांत मोजली की प्रकाशवक्र तयार होतो. नवखा विद्यार्थी इथेच फसतो. वक्र अचानक शून्यावर येतो, त्याला वाटते ग्रहण मिळाले. पण उपग्रह पृथ्वीभोवती ९८ मिनिटांत एक फेरी घालतो आणि प्रत्येक फेरीत पृथ्वीच ताऱ्याच्या आड येते, कधी अर्ध्या तासाहून जास्त. आधी ते तुकडे छाटावे लागतात. मग दुसरी दुरुस्ती. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे तिच्या जागेनुसार ताऱ्याचा प्रकाश आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो. ग्रहणाची वेळ सेकंदाच्या अचूकतेने हवी असेल तर प्रत्येक कणाची वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राशी आणून लावावी लागते. एवढे केल्यावर जो खड्डा उरतो तो ताऱ्याचा. त्याच्या दोन्ही कडा मोजायच्या, मध्य काढायचा, आधीच्या वेळापत्रकाशी ताडायचा. हे सगळे साध्या लिनक्स लॅपटॉपवर होते. संगणकप्रणाल्या मोफत मिळतात. ठरावीक मुदत संपल्यावर ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणे नोंदणी करून कुणालाही उतरवून घेता येतात. १९९५ ते २०१२ पर्यंत चाललेल्या अमेरिकेच्या रॉसी उपग्रहाचे भांडारही खुले आहे.

म्हणूनच गावाचा पत्ता इथे आड येत नाही, आणि याचा पुरावा मराठवाड्यातच आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात एम. के. पाटील आणि त्यांचे विद्यार्थी चंद्रा वेधशाळेच्या निरीक्षणांवर काम करत आले आहेत. कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६३३८ या दीर्घिकेभोवतीच्या तप्त वायूत पडलेल्या पोकळ्यांवरचा त्यांचा निबंध २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्या पोकळ्या दीर्घिकेच्या मध्यावरच्या कृष्णविवराने कोरलेल्या. पुढच्या निबंधांवर लातूरच्या दयानंद विज्ञान महाविद्यालयाचा आणि उदगीरच्या महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाचा पत्ता दिसतो. उदगीर म्हणजे देगलूरचे शेजारचेच गाव. विषय जोडताऱ्यांचा नाही, दीर्घिकासमूहांचा आहे. पण लागणारी कौशल्ये बहुतांशी तीच: कणांची यादी, छाटणी, वर्णपट, मोजमाप, आणि ते तपासून पाहण्याची चिकाटी.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन्ही भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील. कृष्णविवरे आणि न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हाच्या लहरी ती टिपेल. आदळण्याआधी ते तारे कसे जगतात, किती जड असतात, याचा बराच वृत्तान्त ग्रहण लागणाऱ्या क्ष-किरण जोड्यांतून कळतो. इतकी मोठी वेधशाळा दाराशी येत असताना तिथे इथलीच मुले शास्त्रज्ञ म्हणून दिसावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

कमतरता आहे ती हाताला धरून पहिला प्रकाशवक्र काढायला शिकवणाऱ्याची. बीएस्सीच्या वर्गात न्यूट्रॉन तारा एका परिच्छेदात संपतो. प्रात्यक्षिकांच्या वहीत वर्षानुवर्षे तेच तेच प्रयोग असतात. इंग्रजीतली मार्गदर्शक पुस्तिका पाहून मराठी माध्यमातून आलेली मुले बिचकतात, आणि त्यांना सावरायला वेळ काढणारा प्राध्यापक सगळीकडे मिळतोच असे नाही. आयुकाच्या कार्यशाळा आहेत, पण पुण्याला जायचे धाडस करायला आधी गावात कुणीतरी म्हणावे लागते की जा, तुला जमेल.

नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाला संशोधन प्रकल्पाची सोय आहे. देगलूर, मुखेड, बिलोली, उदगीर, अहमदपूर इथल्या भौतिकशास्त्राच्या विभागांनी त्यासाठी एवढे करावे: रॉसी उपग्रहाच्या भांडारातून ईएक्सओ ०७४८-६७६ चे एक निरीक्षण उतरवून घ्यावे, पृथ्वीच्या आड गेलेले तुकडे छाटावेत, वेळा दुरुस्त कराव्यात आणि सव्वाआठ मिनिटांचे ते ग्रहण विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावे. ज्या विभागात हा प्रकल्प दिला जात नसेल, तिथल्या विद्यार्थ्यांनी तो मागून घ्यावा.